लांबून दिसणारा माणूस

काकूंच्या गॅलरीत काकांचा कॅमेरा तिवईवर कायमचा मुक्कामाला होता. कॅमेरा मुठीएवढा आणि त्याची लेन्स हातभर लांब. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नणंदेने तिचं नाव तोफ ठेवलं होतं.

"वहिनी, तोफ डागून झाली असेल तर चहाला या!" ती खालच्या गॅलरीतून मान वर करून ओरडायची.

"आलेच, वन्सं," काकू वरून म्हणायच्या, आणि अर्ध्या तासाने जायच्या. तोवर चहावर साय धरलेली असायची. नणंद ती चमच्याने बाजूला करत म्हणायची, "कोण सापडलं आज?"

"कोणी नाही."

हे रोजचं होतं. आणि ते खरंही होतं, कारण काकू ज्याला शोधत होत्या तो सापडण्यातला नव्हता.

गल्लीत त्यांना स्टुडिओवाल्या काकू म्हणत. स्टुडिओ त्याच इमारतीत तळमजल्यावर होता. आता तिथे चष्म्यांचं दुकान आहे. काका फोटो काढायचे आणि मागच्या खोलीत काकू रिटचिंग करायच्या. म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. गिऱ्हाईक आपला चेहरा घेऊन यायचं आणि जाताना काकूंनी नीटनेटका केलेला चेहरा घेऊन जायचं. दुधी काचेचा उतरता बोर्ड, काचेखाली दिवा, काचेवर नेगेटिव्ह, डोळ्यासमोर भिंग. नेगेटिव्हमध्ये सगळी दुनिया उलटी. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. आणि काम करायची बाजू वर ठेवली की डावं ते उजवं. कपाळावरची आठी तिथे उजळ रेघ होऊन दिसायची. ती सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने ठिपक्या-ठिपक्याने भरायची, की फोटोत आठी गायब. एखादा पांढरा डाग असेल तर तो तिथे काळा दिसायचा. तो बारीक चाकूने खरवडून विरळ करायचा. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येते. चाकू चुकला तर चुकला. म्हणून काकूंनी चाकू हातात घेतला की काका दारातून म्हणायचे, "आधी श्वास सोड, मग टेकव."

काकूंचा हात इतका सफाईदार होता की एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका फोटो परत घेऊन आल्या होत्या. "अहो, माझा तीळ कुठे गेला? अर्जात ओळखीची खूण म्हणून तोच लिहिलाय मी!" काकूंनी पेन्सिल पुसून त्यांचा तीळ त्यांना परत केला. काका नंतर कितीतरी दिवस जेवताना मध्येच हसायचे.

काकांच्या स्वतःच्या गालावर एक डाग होता. स्टुडिओतला मोठा दिवा एकदा भर कामात फुटला आणि तापलेली काच गालाला चिकटली. जखम भरली, पण तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका व्रण राहिला. ते हसले की तो आणखी पांढरा व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. घर माणसांनी भरलं. काकू रडल्या नाहीत. आलेल्यांनी त्यांची पुष्कळ वाट पाहिली, कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी म्हणालं मोकळ्या व्हा. काकूंना व्हायचं होतं. पण दात काढताना हिरडी बधिर करतात आणि जीभ लावून पाहिली तरी ती आपली वाटत नाही, तसं आत झालं होतं. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

मग भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. गावाचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लग्नातले होते, पण त्यात मिसरूड फुटलेला कोणी भलताच मुलगा उभा. नंतरच्या प्रत्येक फोटोत काका कॅमेऱ्यामागे. नणंदेच्या फोनमध्ये त्यांचा फक्त तळहात होता, "मला नको, मला नको" म्हणून पुढे केलेला. मूलबाळ नव्हतं, म्हणजे आणखी कुठल्या घरी असण्याचाही संभव नव्हता. शेवटी एका जुन्या पाकिटात एक नेगेटिव्ह सापडली. दुकानाच्या परवान्यासाठी फोटो लागला होता, तेव्हा काका स्टुलावर बसले होते आणि बटण काकूंनी दाबलं होतं.

काकूंनी माळ्यावरून बोर्ड काढायला लावला, दिवा जोडला आणि बसल्या. कोणी सांगितलं नव्हतं. नेगेटिव्ह समोर आली की ती साफ करायची, एवढंच हाताला ठाऊक. डोळ्यांखालच्या पिशव्या भरल्या. ओठांच्या कडेच्या घड्या भरल्या. गळ्याच्या शिरा भरल्या. हात चालत होता आणि काकू नुसत्या त्याच्या सोबतीला बसल्या होत्या. शेवटी त्यांनी चाकू घेतला, श्वास सोडला आणि गालावरचा डाग खरवडून काढला.

मोठा फोटो होऊन आला. बघणारे म्हणाले, काय तेज आहे चेहऱ्यावर! नणंद कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"फोटो सुरेख आहे," ती म्हणाली. "कोणाचा आहे?"

काकूंना तेव्हा त्याचंही काही वाटलं नाही.

वाटलं ते पुढे. एका सकाळी दूध गॅसवर ठेवून काकू उभ्या होत्या. काका दूध उतू जाताना कसे ओरडायचे, ते त्यांना आठवलं. आवाज आठवला, हात आठवला, बनियनचं भोक आठवलं. चेहरा आठवेना. डोळे मिटले तर भिंतीवरचा तो गुळगुळीत गृहस्थ समोर आला. दूध उतू गेलं. काकूंनी ओटा पुसला, फडकं पिळून वाळत टाकलं, आणि दिवसभर अधूनमधून डोळे मिटून पाहिलं. दर वेळी तोच गृहस्थ.

नेगेटिव्ह कपाटाच्या खणात होती. टर्पेंटाइनची बाटली मोरीवरच्या फळीवर होती. पेन्सिल पुसायला किती वेळ लागतो, हे काकूंशिवाय कोणाला माहीत! पण पाकीट मिटलेलं होतं तोवर काका त्याच्या आत असण्याचा संभव होता. पुसलं आणि तरीही ओळख पटली नाही, तर मग पुढे कुठे बघायचं? काकूंनी खण उघडला नाही.

त्याऐवजी त्यांनी तोफेचं झाकण काढलं.

ती काकांची म्हातारपणची हौस. स्टुडिओ बंद झाल्यावर पक्ष्यांचे फोटो काढीन म्हणून आणलेली. काकूंना पक्ष्यांत रस नव्हता. त्यांनी लेन्स खाली रस्त्यावर वळवली आणि माणसं बघायला लागल्या.

आयुष्यभर त्यांनी तयार केलेले चेहरे पाहिले होते. हनुवटी वर, श्वास रोखलेला, केस पाण्याने चापून बसवलेले. हे चेहरे वेगळे होते. आपल्याला कोणी बघत नाही अशा भरवशावर सैल सोडलेले. बसथांब्यावर एक बाई ओठ हलवत होती. कोणाशी तरी करायच्या भांडणाची तालीम चालली होती, आणि मध्येच तिला समोरच्याचं उत्तर पटलेलं दिसलं. वाहतुकीचा शिपाई खांबाला पाठ घासत होता, डोळे मिटून, तृप्त. पथ्यावरचा एक जाडा गृहस्थ बायको औषधाच्या दुकानात शिरल्याबरोबर खिशातून केक काढून दोन घासांत संपवायचा आणि ती बाहेर यायच्या आत तोंड पुसून आजारी व्हायचा. काकू बटण दाबायच्या. गंमत वाटायला हवी, हे त्यांना कळायचं. वाटायची नाही. पण बघवत होतं, आणि बघताना वेळ जात होता.

मग औषधाच्या दुकानाच्या पायरीशी एक किल्लीवाला येऊन बसू लागला. साठीकडे झुकलेला, चष्मा कपाळावर, समोर लाकडी पेटी आणि किल्ल्यांचे झुपके. एक दिवस तो शिकंज्यात किल्ली धरून कानशीने घासत होता आणि घासता घासता त्याने जीभ गालाच्या आत टेकवली. गाल फुगला. मान एका अंगाला कलली.

काकूंचं बोट बटणावर थांबलं. काका फिल्म भरताना असाच गाल फुगवायचे.

त्या दिवसापासून काकूंनी बाकी सगळ्यांना सोडून दिलं. रोज किल्लीवाला. घासताना, पेटी आवरताना, गिऱ्हाईक नसताना रिकाम्या रस्त्याकडे बघताना. चौकातल्या लॅबमध्ये जाऊन त्या मोठ्या प्रती करून आणायच्या, जेवायच्या टेबलावर मांडायच्या आणि जुनं भिंग घेऊन एकेक तुकडा तपासायच्या. हा कान. ही मानेची घडी. भुवईतला हा राठ केस. असेच तुकडे जमत गेले तर एक दिवस चेहरा होईल, असं त्यांना वाटत होतं.

नणंद एकदा अचानक वर आली आणि टेबल बघून दारातच थांबली.

"हा कोपऱ्यावरचा किल्लीवाला ना?"

"हो."

"त्याला विचारलंत?"

"विचारलं की तोंड बदलतं, वन्सं."

"तोंड बदलेल नाहीतर तोंड सुटेल! हात दाखवून अवलक्षण कशाला? उद्या तो चार माणसं घेऊन वर आला तर मी काय सांगू? आमची वहिनी म्हातारपणी हेर झाली?"

"तुमच्या दादासारखा दिसतो."

नणंदेने एक फोटो उचलला, लांब धरला, जवळ धरला. "डोंबल! गाल फुगवला की सगळेच सारखे दिसतात. आणि दादाच्या गालावर डाग होता. इथे डावीकडे."

"उजवीकडे."

"डावीकडे! ज्या हातात घड्याळ बांधायचा, त्या बाजूला. दिवा फुटला तेव्हा मीच गार पाणी धरलं होतं गालाशी."

"मी बायको आहे त्यांची. उजवीकडे."

दोघींनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या गृहस्थाचे दोन्ही गाल स्वच्छ होते. नणंद खाली गेली. त्या दिवशी चहाची हाक आली नाही.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या दाराचं कुलूप बिघडलं. सकाळी दूध घ्यायला म्हणून त्यांनी आतून खटका फिरवला तो फिरेचना. ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. शेवटी गॅलरीत जाऊन त्यांनी खाली हाक दिली.

"वन्सं, मी आत अडकले!"

"इतकी वर्षं झाली, आज कळलं होय?" खालून उत्तर आलं. भांडण मिटल्याची ती खूण होती. "थांबा, किल्लीवाल्याला घेऊन येते."

काकू "बरं" म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. टेबलावर आदल्या संध्याकाळचे फोटो मांडलेले होते. ते उचलून कपाटात टाकायला भरपूर वेळ होता. काकू त्यांच्याकडेच बघत बसल्या होत्या. पण दार उघडणारा आणि फोटोतला माणूस एकच आहे, ही गोष्ट त्यांच्या मनापर्यंत पोचलीच नाही. बाहेर खडखड सुरू झाली, काहीतरी कट्‌कन वाजलं, आणि दार उघडलं.

"आतून एकदा फिरवून बघतो," म्हणत किल्लीवाला आत आला. त्याने खटका दोनदा फिरवला, हात पुसायला चिंधी काढली आणि वळला. मग तो टेबलाशी गेला.

मागे दारात नणंदेने कपाळाला हात लावला.

"हा मी आहे," किल्लीवाला म्हणाला.

"हो," काकू म्हणाल्या.

"हा पण मीच." त्याने दुसरा उचलला. तिसरा उचलला. त्यात तो रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. तो त्याने पटकन खाली ठेवला, दुसऱ्याचं पत्र चुकून वाचल्यासारखा. "हा कधी काढला? मला कसं कळलं नाही?"

"वरून काढला. गॅलरीतून."

"का? मी काय केलंय, बाई? कोणी तक्रार दिली माझी?"

"नाही, नाही. तुम्ही माझ्या यजमानांसारखे दिसता."

किल्लीवाल्याने भिंतीकडे पाहिलं. "हे?"

"हो."

"यांच्यासारखा?" त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "यांच्या तोंडावर एक रेघ नाही. आमची ही तर म्हणते माझ्या तोंडावर रेल्वेचं जंक्शन आहे."

"तो दादा नाहीच," नणंद दारातून म्हणाली. "तो वहिनीनं बनवलेला आहे."

काकू किल्लीवाल्याकडे बघत होत्या. हातभर अंतरावरून. तो काकांसारखा मुळीच नव्हता. नाक रुंद, डोळे पिंगट, कान भलतेच. लांबच्या लेन्सने माणूस जवळ येतो पण चपटा होतो, नाक-गाल सगळं एकाच पातळीवर येतं. काकांनीच कधीतरी पक्ष्यांच्या फोटोंवरून सांगितलं होतं. काकूंना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना एवढंच वाटलं, की टेबल आता आवरायला पाहिजे.

"विचारायचं तरी होतं," किल्लीवाला म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "लोक मला घरच्या किल्ल्या देतात. मी कधी कोणाच्या घरात डोकावलो नाही. किल्ली केली, दिली, विसरलो. आणि तुम्ही वरून माझ्या तोंडात डोकावत बसला होता?"

त्याच्या बोलण्यात काही चूक नव्हती.

"हे मी घेऊन जातो."

"घ्या."

"आणि त्या यंत्रातले?"

काकूंनी कॅमेरा आणला आणि त्याच्यासमोर एकेक फोटो पुसायला लागल्या. प्रत्येक वेळी कॅमेरा विचारायचा, नक्की पुसायचा? काकू हो म्हणायच्या. गाल फुगवलेला किल्लीवाला गेला, मान कललेली गेली, कान गेला. तो उभ्याउभ्या बघत होता. शेवटी शेवटी त्याचा राग ओसरला असावा. "मी असा पोक काढून बसतो, हे मात्र मला माहीत नव्हतं," तो पुटपुटला. फोटोंची चळत त्याने पेटीत घातली आणि जाताना म्हणाला, "कुलपात थेंबभर तेल सोडत जा. कोरडं पडलंय."

दुसऱ्या दिवशी काकू गॅलरीत आल्या तेव्हा किल्लीवाला रोजच्या जागीच होता. फक्त त्याने स्टूल फिरवून घेतलं होतं. इमारतीकडे त्याची पाठ होती. ताठ पाठ.

काकूंनी लेन्सला झाकण लावलं, कॅमेरा तिवईवरून उतरवला, तिवई मिटली. गॅलरी मोठी दिसायला लागली. खालून नणंद म्हणाली, "काय हो, तोफ कुठे गेली?"

"काढली."

"बरं केलंत. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

ती सहज बोलून गेली. नेगेटिव्हचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण काकू आत आल्या आणि खणासमोर उभ्या राहिल्या. आता बघायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी खण उघडला, पाकीट काढलं, बोर्ड मांडला, दिवा लावला. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळला. नेगेटिव्ह काचेवर ठेवली आणि गळ्यापासून पुसायला सुरुवात केली, गालापर्यंत जायला जितका उशीर होईल तितका बरा म्हणून.

गळ्याच्या शिरा आल्या. ओठांच्या कडेच्या घड्या आल्या; एक लांब, एक तोकडी. डोळ्यांखालच्या पिशव्या आल्या. बोळा राखाडी झाला. काकूंनी दुसरा घेतला. काचेवरचा उलटा, काळा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. तो काका होता का? काकूंना सांगता येईना. डाग नव्हता. डाग पेन्सिलीचा नव्हताच, चाकूने गेलेला. तो पुसून परत येणार नव्हता.

त्यांनी नेगेटिव्ह उचलून खिडकीशी नेली, वाळली का ते बघायला तिरकी धरली, आणि त्या तशाच थांबल्या.

तिरक्या उजेडात गालाच्या चकाकीवर एक खरखरीत जागा दिसत होती. चाकूच्या बारीक बारीक ओरखड्यांची. काकूंचा हात सफाईदार, डागाबाहेर केसभरही गेला नव्हता. त्यामुळे ओरखडे अगदी डागाच्याच आकाराचे होते, तांदळाच्या दाण्याएवढे, एका टोकाला किंचित वाकलेले. हो, वाकलेले. ते वाकलेलं टोक त्या विसरूनच गेल्या होत्या. काका हसले की तेच आधी पांढरं व्हायचं. आधी टोक, मग ओठ, मग तो अर्धवट तुटका पुढचा दात, आणि "अगं, दूध!"

काकूंनी नेगेटिव्ह सरळ केली. ओरखडे दिसेनासे झाले. पुन्हा तिरकी केली. दिसले. असं त्या किती तरी वेळ करत राहिल्या. रडू आलं नाही. घसा मात्र दुखायला लागला, आणि खूप दिवसांनी काहीतरी दुखलं म्हणून त्यांनी घशाला हात लावून पाहिला.

मग एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. काम करायची, डावं ते उजवं दाखवणारी बाजू त्यांच्याकडे होती. फोटो साफ करताना दोन दिवस त्या याच बाजूने त्या गालावर वाकून बसल्या होत्या आणि तोच गाल डोक्यात घेऊन उठल्या होत्या. त्यांनी नेगेटिव्ह उलटी केली आणि समोर काका बसले आहेत अशी धरली. काकांचा घड्याळाचा हात कुठल्या बाजूला येतो ते पाहिलं. मग गॅलरीत जाऊन कठड्यावरून वाकल्या.

"वन्सं!"

"काय झालं? पुन्हा अडकलात?"

"डावीकडेच होता."

खाली भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"मग! मी काय बोंबलत होते?" नणंद म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "वर येऊ का?"

"या. आणि येताना एक स्टूल आणा. भिंतीवरच्या गृहस्थाला खाली उतरवायचंय."